सांता फेत राहायचं तर मातीच्या घरात

मुलगा डेन्व्हरला असतो. तिथून सांता फे, म्हणजे न्यू मेक्सिको राज्याची राजधानी, गाडीनं सहा-साडेसहा तास, आय-२५ हायवे धरून सरळ दक्षिणेला. पहिल्या खेपेला त्यानं हायवेलगतच्या हॉटेलात खोली घेतली होती. स्वच्छ, गार, गुळगुळीत. डोळे बांधून आणून सोडलं असतं तर कुठल्या राज्यात आहोत तेही कळलं नसतं. दिवसभर गावात मातीची घरं बघायची आणि झोपायला तिथं जायचं, म्हणजे लग्नाला जाऊन एसटी स्टँडवर वडापाव खाऊन परत यावं तसं झालं. पुढच्या दोन्ही खेपांना मी हट्टानं बी अँड बी, म्हणजे न्याहारीसकट खोली देणारं घर, घ्यायला लावलं. आता माझं मत पक्कं झालंय: या गावात राहायची जागा हीच बघायची पहिली गोष्ट. ती चुकली तर बाकीचं निम्मं चुकतं.

मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे माझं लक्ष भिंती, रंग आणि हातानं केलेल्या वस्तूंकडे. नाइटलाइफ, शॉपिंग वगैरे दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

आधी 'वाळवंट' या शब्दाबद्दल. वाळूचे ढीग आणि उंट डोळ्यासमोर आणू नका. हा उंचावरचा कोरडा मुलूख आहे: तांबूस माती, त्यावर पिन्यॉन आणि ज्युनिपरची ठेंगणी झाडं, जणू कुणी ब्रशनं हिरवे ठिपके दिलेत. आणि उंची साधारण ७,००० फूट. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याची राजधानी इतक्या उंचावर नाही. म्हणून पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. पोचा, पाणी प्या, ओसरीवर बसा. जिना चढताना धाप लागली तर घाबरून जाऊ नका आणि डोकं दुखलं तर आणखी पाणी प्या. संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना वाइन देतात. एरवी एका ग्लासानं काही न होणारा माणूस इथं अर्ध्यातच गप्पिष्ट होतो. आमच्याकडचं नाव सांगत नाही.

चहाबाजांना एक सूचना. इथं पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात खळखळ दिसते, पण पत्तीला हवी तेवढी धग मिळत नाही. आपल्यासारखा चहा हवा तर एरवीपेक्षा जास्त वेळ उकळत ठेवावा लागतो. नुसतं गरम पाणी ओतलं तर रंग येतो, चव येत नाही.

कधी जावं? माझं उत्तर सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर. ऊन सोनेरी, रात्री शाल लागेल इतका गारवा, आणि डोंगरावरची अ‍ॅस्पनची झाडं हळदीसारखी पिवळी. ऑगस्टच्या शेवटापासून हिरव्या मिरच्या भाजायला सुरुवात होते. जाळीच्या पिंपात मिरच्या, खाली गॅसची ज्योत, पिंप गरगर फिरतंय आणि रस्ताभर तो वास. आपल्याकडे ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की सगळं घर खोकतं. इथं सगळा चौक खोकतो, तोही आनंदानं.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र तारखा सांभाळा. शेजारच्या अल्बुकर्की शहरात माणसं घेऊन उडणाऱ्या मोठ्या फुग्यांची जत्रा असते, १९७२ पासून चालू आहे, आणि ती गर्दी सांता फेपर्यंत येते. जुलै-ऑगस्टात दुपारी विजांसह पाऊस पडतो, तासाभरात उघडतो. ऑगस्टात इंडियन मार्केट भरतं, १९२२ पासूनचं; त्या आठवड्याच्या खोल्या कितीतरी महिने आधी संपतात. (इथं 'इंडियन' म्हणजे मूळ रहिवासी. आपण इंडियन आहोत हे सांगताना दर वेळी खुलासा करायची तयारी ठेवा.) आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी कॅन्यन रोड हा गॅलऱ्यांचा रस्ता गाड्यांना बंद करून दुतर्फा कागदी पिशव्यांत वाळू भरून मेणबत्त्या लावतात. फारोलितो म्हणतात त्यांना. मी अजून पाहिलेलं नाही. फोटो पाहून मात्र वाटतं, हे लोक दिवाळी दोन महिने उशिरा करतात.

आता मुख्य काम: खोली निवडणं.

सांता फेत सगळंच मातीचं दिसतं, कारण जुन्या भागात घरं त्याच वळणाची असावीत असा शहराचा नियमच आहे, १९५७ पासून. पण दिसतं ते सगळं मातीचं नसतं. बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जाळी मारून वर मातकट रंगाचा गिलावा दिलेली असतात. खऱ्या अडोबीच्या घरात माती, वाळू आणि काड यांच्या उन्हात वाळवलेल्या विटा असतात, भट्टीत न भाजलेल्या. ओळखायचं कसं? वेबसाइटवरच्या फोटोत खिडकी बघा. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर मांजर आरामात ताणून झोपेल इतकी जागा असेल तर भिंत खरी. चारच बोटं असेल तर समजून जा. पोचल्यावर आणखी एक परीक्षा: भिंतीवर टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर सांगाडा, आणि काहीच आवाज न येता बोटच दुखलं तर अडोबी. मी आमच्या खोलीत शिरल्याबरोबर हे केलं तेव्हा सून म्हणाली, "आई, कलिंगड घेताय का?"

वर बघा. सालं काढलेल्या झाडांचे गोल वासे दिसतील, त्यांना विगा म्हणतात, आणि त्यांच्यावर तिरप्या रचलेल्या बारीक काठ्या. गच्चीतून बाहेर डोकावणारी लाकडी पन्हळ, भिंतीतूनच काढलेला बसायचा ओटा, आणि समोर खांबांची ओसरी, जिला तिथं 'पोर्ताल' म्हणतात. कोपरे सगळे गोलसर. ओळंबा आणि गुण्या न लावता हातानं फिरवलेल्या कडा. पूर्वी भिंतींना मातीचा हात द्यायचं काम इथंही बायकांचंच होतं. शेणानं सारवलेल्या जमिनीत बोटांच्या कमानी उमटलेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना त्या भिंतींवरून हात फिरवताना काय वाटतं ते मी सांगायला नको. भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते. ऑक्टोबरात रात्री दोन वाजता मी पलंगाशेजारच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. ती अजून कोमट होती.

जागा प्लाझापासून, म्हणजे गावच्या मुख्य चौकापासून, चालत दहा-पंधरा मिनिटांत असावी. 'कसिता' असं लिहिलेलं असेल तर ती अंगणातली वेगळी छोटी खोली. ज्यांना इतरांशी सकाळी-सकाळी बोलायचं नसतं त्यांनी ती घ्यावी. मला मुख्य घरातली खोली आवडते. जुन्या घरांत उंबरे, अरुंद पायऱ्या, बुटकी दारं असतात, तेव्हा गुडघे दुखत असतील तर आधीच विचारा.

आणि विचारायचं ते फोनवर. वेबसाइटवरून बुकिंग होतं, पण बी अँड बी म्हणजे पाच-सात खोल्यांचं घर, फोन बहुतेक मालक किंवा मालकीणच उचलते. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, माझं आहे. शनिवार-रविवारी किमान दोन रात्री घ्याव्या लागतात का, रद्द केलं तर पैसे किती दिवस आधीपर्यंत परत, लहान मुलं चालतात का (काही ठिकाणी नाही चालत, त्यात रागावण्यासारखं काही नाही), आणि त्या खोलीत शेगडी खरी लाकडाची की गॅसची, एवढं विचारून घ्या. आम्ही ऑक्टोबरात रात्रीचे २४० डॉलर मोजले, कर धरून पावणेतीनशेच्या घरात गेलं. महाग आहे. पण दोन माणसांची न्याहारी त्यात आली, आणि ती न्याहारी खाल्ल्यावर दुपारी जेवायची गरज पडली नाही.

पोचायची वेळ पाळा. साधारण तीन ते सहा असते. रात्रभर जागणारा काउंटरवाला इथं नसतो. आम्ही रटोनच्या घाटात रखडलो, पण फोन केला म्हणून किल्ली डबीत ठेवून दिव्याखाली चिठ्ठी लावलेली होती. फोन केला नसता तर गाडीत झोपलो असतो.

शेगडीचं सांगते, कारण त्यात माझी फजिती झाली. खोलीच्या कोपऱ्यात अर्धा रांजण उभा चिकटवून त्याला तोंड पाडावं तशी शेगडी असते, कीवा म्हणतात. शेजारी पिन्यॉनच्या लाकडांची मोळी. मी लहानपणी चूल फुंकलेली बाई. आगपेटी घेतली, लाकडं चुलीत सारतात तशी आडवी लावली आणि पेटवली. दोन मिनिटांत खोलीत धूर, चार मिनिटांत छतावरचा भोंगा, आणि रात्री दहाला मालकीणबाई गाउनमध्ये दारात. धुराड्याची झडप बंद होती. तिनं आत हात घालून कडी ओढली, मग एक शब्द न बोलता माझी लाकडं बाहेर काढली आणि तीन ओंडके उभे, मागच्या भिंतीला टेकवून, डोक्याशी एकत्र येतील असे लावले. कीवात लाकूड उभंच लावायचं. आग वर पळते, मागची भिंत तापते आणि उष्णता खोलीत येते. तर क्रम असा: आधी झडप, मग लाकडं उभी, मग काडी. पिन्यॉनच्या धुराला एक गोड राळेसारखा वास असतो. माझ्या शालीला तो डेन्व्हरपर्यंत होता, आणि यांच्या मते अजून आहे.

सकाळची न्याहारी हा बी अँड बीचा गाभा, आणि शाकाहारी माणसाला सावधपणाची जागासुद्धा. बुकिंग करतानाच सांगा आणि आदल्या संध्याकाळी आठवण करा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. चिकन नको, मासे नको, चिकनचं पाणी नको आणि डुकराची चरबीही नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. या भागात घेवड्याच्या उसळीत चरबी घालायची जुनी रीत आहे, आणि लाल मिरचीच्या रश्श्यात मांस असू शकतं. घरच्या मालकिणीला सांगितलं की ती मनापासून वेगळं करते. बाहेरच्या हॉटेलात मात्र दर वेळी विचारायचं. मी अंडं खाते, हे खात नाहीत, हेसुद्धा तिनं दुसऱ्या दिवशी न विचारता लक्षात ठेवलं होतं.

मग प्रश्न येतो: "रेड ऑर ग्रीन?" म्हणजे लाल मिरचीचं की हिरव्या मिरचीचं. हा न्यू मेक्सिको राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळानं ठरवलेला. दोन्ही हवं असेल तर म्हणायचं "ख्रिसमस". मी पहिल्या दिवशी ख्रिसमस म्हटलं आणि बशीत दोन रंगांचे दोन ओहोळ आले, मध्ये अंडं बेटासारखं. लाल जरा मातकट, खोल चवीची. हिरवी भाजल्याच्या वासाची, झणका लगेच देणारी. आपल्याला तिखटाची भीती दाखवतील, हसून घ्या. तरी पहिला घास छोटाच घ्या. माझा झाला नव्हता. निळ्या मक्याच्या पिठाचे पॅनकेक मिळाले तर सोडू नका. रंग निळा म्हणतात, पण तव्यावरून आल्यावर करडा-जांभळा, आपल्या नाचणीच्या आंबोळीची चुलत बहीण. आणि सोपाइपिया म्हणून एक प्रकार आहे: टम्म फुगलेली चौकोनी पुरी, कोपरा फोडून आत मध सोडायचा. हे चार खाऊन थांबले.

न्याहारी एकाच मोठ्या टेबलावर असेल तर अनोळखी लोकांशी बोलावं लागतं. लाजू नका. कुठलं प्रदर्शन बघावं, कुठे पार्किंग मिळतं, हे मला तिथल्या शेजाऱ्यांनीच सांगितलं. निघताना खोली आवरणाऱ्या बाईसाठी पाकिटात थोडे पैसे ठेवतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता बाहेर पडा. पण एका दिवशी दोन ठिकाणांपेक्षा जास्त नाही, हा माझा नियम.

पहिल्या सकाळी प्लाझाच्या उत्तरेचा पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स. बांधकाम १६१० च्या सुमाराचं, ज्या साली हे गाव वसलं. वाडा म्हणावा तर बसका, एकमजली. त्याच्या लांब ओसरीत मूळ रहिवासी कारागीर भिंतीला टेकून बसतात, पुढ्यात कापड, कापडावर चांदी, पिरोजा, मडकी. कुणीही येऊन बसू शकत नाही. वस्तू स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातची असावी लागते आणि सकाळी जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात. म्हणून वस्तू घ्यायची तर इथं. घासाघीस करू नका. फोटो काढायचा तर आधी विचारा. आणि "हे तुम्ही कसं केलंत?" हा प्रश्न जरूर विचारा, त्यावर माणसं खुलतात.

काळी मडकी दिसली तर गुडघ्यांवर बसून बघा. सान इल्देफोन्सो पुएब्लोच्या (पुएब्लो म्हणजे मूळ रहिवाशांचं गाव) मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी साधारण शंभर वर्षांपूर्वी काळ्यावर काळं नक्षीकाम असा प्रकार आणला. माती तांबडीच असते. गुळगुळीत दगडानं घासून घासून चकाकी आणतात, नक्षी वेगळ्या मातीच्या पाण्यानं काढतात, आणि जाळ चांगला पेटला की वरून घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून तो कोंडतात. कोंडलेल्या धुरातला कोळसा मातीत शिरतो आणि भांडं काळंभोर निघतं. घासलेला भाग चमकतो, नक्षी तेवढी निस्तेज. रंग एकच, फरक फक्त उजेडाचा. वर्गात मुलांना छाया-प्रकाश शिकवताना मी किती खडू झिजवले असतील, आणि हे एका मडक्यात होतं.

म्युझियम हिलवरचं इंटरनॅशनल फोक आर्ट म्युझियम अख्खी सकाळ मागतं. त्यात अलेक्झांडर जिरार्ड या डिझायनरनं जमवलेल्या लोककलेच्या लाखाहून जास्त वस्तू आहेत. हजारो मांडलेल्या, बहुतेक खेळणी आणि बाहुल्या. पूर्ण गावं, बाजार, मिरवणुका. वस्तूंशेजारी पाट्या नाहीत. ओळखायचं तुमचं तुम्ही, अडलं तर पुस्तिका असते. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये १९५५ साली भारतीय वस्त्रांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याची मांडणी याच माणसाची. तेव्हा कपाटात आपल्याकडची खेळणी दिसली तर दचकू नका. यांना तिथून बाहेर काढायला मला दोनदा हाक मारावी लागली.

कॅन्यन रोड चालतच करा, गाडी लांब लावून. जेमतेम अर्ध्या मैलात ऐंशीहून जास्त गॅलऱ्या, बहुतेक जुन्या घरांतच. आपल्या लोकांना तिथं शिरायचा संकोच वाटतो, विकत घ्यायचं नसताना कशाला जायचं म्हणून. जा. तिकीट नाही, कुणी हटकत नाही, "नुसती बघतेय" म्हटलं की पुरतं. चित्राखाली लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर बऱ्याच ठिकाणी नव्या प्रदर्शनाची सुरुवात असते, खुद्द चित्रकार भेटतात. दहा गॅलऱ्यांनंतर डोळे जड होतात. तिथे थांबा.

जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीचं म्युझियम लहान आहे, तिकीट आधी काढा. तिचं आबिक्यूचं घर बघायचं असेल तर ते तासभर उत्तरेला, आणि बुकिंगशिवाय आत सोडत नाहीत. अंगणाच्या भिंतीतलं एक दार आवडलं म्हणून तिनं १९४५ साली ते मोडकळीला आलेलं घर घेतलं आणि पुढे ते दार पुन्हा पुन्हा रंगवत राहिली. लोरेटो चॅपेलचा मधल्या खांबाशिवाय उभा असलेला लाकडी चक्री जिना दहा मिनिटांत होतो. नातवंडं असतील तर म्याऊ वुल्फ. जुन्या बोलिंगच्या हॉलमध्ये २०१६ पासून मांडलेलं चक्रम घर, फ्रीजचं दार उघडून पलीकडच्या जगात जायचं. नातू तीन तास खूश होता, माझं डोकं भणभणलं.

एक दिवस उत्तरेच्या ताओस गावासाठी बाजूला ठेवा. जाताना रिओ ग्रांदेच्या काठचा रस्ता, येताना डोंगरातला. रांचोस दे ताओसचं चर्च आधी मागून बघा. ओकीफनंही मागचीच बाजू रंगवली. एकही खिडकी नाही, नुसते मातीचे उतरते फुगवटे. दर उन्हाळ्यात गावकरी जमून त्याला माती आणि काडाचा हात देतात. मध्ये एकदा टिकाऊ म्हणून सिमेंट लावलं होतं; आत ओल अडकली, विटा कुजायला लागल्या, सगळं खरवडून पुन्हा मातीवर यावं लागलं. ताओस गावात नीमकरोली बाबांचा आश्रम आहे आणि त्यात झेप घेणारा संगमरवरी मारुती. परतीच्या रस्त्यावर चिमायोचं छोटं चर्च, जिथं जमिनीतल्या खड्ड्यातली माती लोक अंगाऱ्यासारखी कपाळाला लावतात आणि पुडीत बांधून नेतात. मीही चिमूटभर आणली. देवघरात आहे.

निघताना लाल मिरच्यांची माळ घ्यावीशी वाटेलच, 'रिस्त्रा' म्हणतात, दारोदारी टांगलेली असते. घेताना विचारा, खायची की शोभेची. शोभेच्या माळांना कधीकधी वार्निश मारलेलं असतं. मी विचारलं नाही. डेन्व्हरला पोचल्यावर सुनेनं त्यातल्या चार मिरच्या आमटीच्या फोडणीत टाकल्या आणि स्वयंपाकघरात नव्या फर्निचरचा वास सुटला. आमटी ओतून दिली, माळ बाहेरच्या दाराला लावली.